माझ्या नावाने गेलेली पत्रं

३ तारीख, सोमवार

आज आलेलं सामान आणि त्याचा खर्च: कपाट एक, जुनंच, फक्त वाहतूक. पलंग दोन, त्यातला लोखंडी सासूबाईंचा. संगणक एक, वापरलेला, साडेचार हजार. त्याचं टेबल साडेतीनशे. फोनची लांब तार चाळीस. संगणकावर घालायला अभ्रा, जुन्या चादरीचा, घरीच शिवला, फुकट. हमालांनी साठ मागितले, मी पन्नासावर आणले आणि मग दोघांना दोनदा चहा दिला. म्हणजे मी जिंकले की ते, देव जाणे.

घर मनासारखं आहे. दुसरा मजला, दोन खोल्या, स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. देवाजवळ दिवा लावला तेव्हा उन्हाची तिरीप थेट मूर्तीच्या पायांवर आली. याहून शुभशकुन कोणता? कंबरेचं हाड मोडल्यापासून सासूबाईंना पलंगावरून उतरता येत नाही. पाय बसले, त्याची भरपाई जीभ करते. खोलीभर नजर फिरवून म्हणाल्या, छान आहे, मरायला पुरेसा उजेड आहे. समोर घड्याळजी राहतो. त्याची बायको बोलकी आहे. काही लागलं तर कडी वाजवा म्हणाली.

५ तारीख, बुधवार

दुकानदार संगणक जोडून गेला. त्याला फोनचीच तार लागते. तो चालू असला की घरचा फोन बंद. सासूबाई म्हणाल्या, सवत आणलीस हो घरात! माउस पाहून म्हणाल्या, मांजर परवडली, ती उंदीर धरून काहीतरी करते तरी, तू नुसती हात ठेवून बसतेस.

हे बोगद्याच्या कामावर असतात, महिन्यातून एकदा घरी येतात. तिथल्या ऑफिसात संगणक आहे, रोज ख्यालीखुशाली कळेल, म्हणून हे यंत्र घेतलं. असं सगळ्यांना सांगितलंय. खरं कारण धाकटी.

धाकटी म्हणजे माझी पाठची बहीण. नवऱ्याचं घर सोडून ती पळाली. शेवटच्या भांडणात त्याने तिचा हात दाराच्या फटीत धरून दार ओढलं. दोन बोटं अजून मिटत नाहीत. ती कुठे आहे हे जगात फक्त मला ठाऊक आहे: दोन दिवसांच्या प्रवासावरच्या शहरात, नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात. तो तिला शोधतोय. सापडली तर जिवंत सोडणार नाही, असं आमच्या मावसभावाला तोंडावर म्हणाला. पूर्वी मी त्याला अहो-जाहो करत असे. आता लेखणीतून नुसता ‘तो’ उतरतो. देवाने क्षमा करावी. न केली तरी चालेल.

वसतिगृहात आलेलं टपाल दाराजवळच्या टेबलावर पडून असतं, येणारा-जाणारा चाळतो. म्हणून कागदी पत्र नको, असं धाकटीचं म्हणणं. तिथल्या ऑफिसातल्या संगणकावर संध्याकाळी बायकांना थोडा वेळ बसू देतात. आज तिचं पहिलं मेल आलं. “ताई, इथे रात्री झोप लागते,” एवढं वाचून माझे डोळे भरले. मी लगेच उत्तर लिहिलं. तिने निघताना सांगितलेला पत्ता मला पाठ होता, पण आकडा असो की पत्ता, ताळा केल्याशिवाय माझं समाधान होत नाही. पूर्ण पत्ता, मजला, खोली लिहून विचारलं, हाच ना? तिचं उत्तर आलं: हाच, पण ताई, असा कुठे लिहीत जाऊ नकोस गं.

९ तारीख, रविवार

हिशेब संगणकावर ठेवायचं मनात होतं. दुकानदाराकडची हिशेबाच्या प्रोग्रॅमची तबकडी सहाशेला. सहाशेचा हिशेब ठेवायला सहाशे घालवायचे? इंटरनेटवर शोधलं तर तेच फुकट मिळत होतं. मॅट्रिकच्या इंग्रजीवर निभावलं. ते आत उतरवून घेताना एकामागून एक चौकटी आल्या, खाली ‘पुढे’ असं बटण. प्रत्येक चौकटीत आणखी काहीतरी सोबत देऊ केलेलं, आणि त्यापुढे बरोबरची खूण आधीच केलेली. शोधायला सोपं पान, फुकट. संगणक वेगात चालवणारा मदतनीस, फुकट. रोज सकाळी पडद्यावर एक प्रार्थना, तीही फुकट! भाजीवाल्याने वर चार मिरच्या टाकल्या तर आपण परत देतो का? प्रेमाने दिलेलं नाकारू नये. एकही खूण काढली नाही. सगळीकडे ‘पुढे’ दाबलं.

सासूबाई म्हणाल्या, सवतीला माहेरचं सामान आलं वाटतं.

१२ तारीख, बुधवार

प्रार्थना खरंच येते. दोन ओळी, बाजूला फुलं. पण इंटरनेट उघडलं की पूर्वीचं पान येत नाही. एक भिंग काढलेलं पांढरं पान येतं. मी जुनं पान परत लावलं, बंद करून उघडलं, पुन्हा भिंग. तीनदा केलं. हट्टी आहे, माझ्यासारखंच.

काहीही शोधलं की आधी भलतंच पान चमकून जातं आणि मग उत्तरं येतात. गुडघेदुखीचं तेल शोधलं तर वरच्या सगळ्या ओळी विकणाऱ्यांच्या. मधूनच छोट्या खिडक्या उघडतात: तुम्ही जिंकलात, तुम्ही जिंकलात. मी सासूबाईंना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, आयुष्यात पहिल्यांदाच, तर घेऊन टाक.

१५ तारीख, शनिवार

आज एक विचित्र झालं. घाबरण्यासारखं नसेलही.

धाकटीने काल लिहिलं होतं की तिच्या खोलीची आतली कडी सैल आहे, रात्री खुर्ची लावून झोपते. मी उत्तर दिलं, चांगलं कुलूप घे, पैसे मी पाठवते. आज सकाळी प्रार्थनेच्या खाली जाहिरात होती. कुलपांची. त्याखाली धाकटीच्या शहराचं नाव आणि ‘तुमच्या भागात आजच बसवून मिळेल’.

मी कुलूप कुठेही शोधलं नव्हतं. फक्त तिला लिहिलं होतं.

अभ्रा घातला. घातल्यावरही आत दिवा लुकलुकत होता, कापडातून दिसत होता. आणि दुपारी घड्याळजीची बायको म्हणाली, अहो, किती वेळ तुमचा फोन लावतेय, सारखा गुंतलेला. मी तर संगणक सकाळपासून उघडला नव्हता. तो आपण होऊनच तारेवर गेला होता.

तार काढून ठेवली. देवापुढे बराच वेळ बसले.

१७ तारीख, सोमवार

ह्यांचं मेल बघायला तार लावली आणि सगळा पडदा लाल झाला. भोंगा वाजायला लागला. सासूबाई ओरडल्या, आग लागली काय! पडद्यावर लिहिलेलं: तुमच्या संगणकात रोग शिरला आहे, बंद करू नका, बंद केल्यास सर्व माहिती नष्ट होईल, ताबडतोब या क्रमांकावर फोन करा. तार एकच, मग फोन घड्याळजीकडून केला.

पलीकडचा माणूस फार गोड बोलला. मावशी म्हणाला. घाबरू नका मावशी, आम्ही आहोत ना. त्याने सांगितलं ती अक्षरं मी घरी येऊन दाबली, पुन्हा तिकडे गेले, पुन्हा आले. पॅसेजमधून ये-जा करून दम लागला. शेवटी म्हणाला, आता बघत बसा, आम्ही इथूनच दुरुस्त करतो.

मी खुर्चीत बसले, हात मांडीवर. आणि पडद्यावरचा बाण चालायला लागला. आपला आपण. कोपऱ्यात गेला, माझ्या मेलची पेटी उघडली, एक पत्र उघडलं, खाली सरकवलं, बंद केलं, दुसरं उघडलं. सावकाश. कुणीतरी पाय न वाजवता माझ्या कपाटातले कपडे उचलून बघावेत तसं. धाकटीच्या पत्रावर बाण थांबला. बराच वेळ थांबला.

मी भिंतीतली कळ बंद केली.

सासूबाईंनी पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. अगं, कोण आलं होतं, एवढंच विचारलं.

१८ तारीख, मंगळवार

कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं. तंबाखूचा बार भरून आला, यंत्र पाहून हसला. म्हणाला, फुकट ते पौष्टिक, काय काकू? मग मी धाकटीचं नाव न घेता सगळं सांगितलं तेव्हा हसायचा थांबला.

त्याने सांगितलं ते समजलं तसं लिहिते. हिशेबाच्या प्रोग्रॅमच्या पोटात चोर बसून आला. दार फोडलं नाही, पाहुणा म्हणून आला आणि मीच पाट मांडला. आता इंटरनेटचा उंबरठा त्याच्या ताब्यात. मी काहीही विचारलं की प्रश्न आधी त्याच्याकडे जातो, उत्तरही तो देईल तेच दिसतं. मी दाबलेलं प्रत्येक अक्षर तो लिहून घेतो, पासवर्डसुद्धा. काढून टाकला तरी यंत्र सुरू होताना पुन्हा उगवतो. लाल पडदा त्यांचाच, भोंगा त्यांचाच, तो गोड माणूसही त्यांच्यातलाच. चोरच ओरडतो चोर आला म्हणून.

मी म्हटलं, पासवर्ड तर मी काल रात्रीच बदलला. कुठून, त्याने विचारलं. याच यंत्रावरून. त्याने डोक्याला हात लावला.

उद्या सगळं पुसून देतो म्हणाला.

१९ तारीख, बुधवार

पुसून काय उपयोग.

ह्यांचा कार्यालयातून घड्याळजीकडे फोन आला. ह्यांनी विचारलं, ते मेल कसलं पाठवलंस? माझ्या नावाने सगळ्यांना मेल गेलं आहे. आत एक दुवा, ‘हे जरूर पाहा’. खरं वाटावं म्हणून दुव्याच्या खाली माझं एक जुनं पत्र जसंच्या तसं जोडलेलं. कुणाला कुठलं, कुणाला कुठलं.

ह्यांना कुठलं गेलं विचारलं. ह्यांनी वाचून दाखवलं.

धाकटीला लिहिलेलं. ताळा केलेलं. पत्ता, मजला, खोली.

हे बोलत होते आणि मी मनात नावं मोजत होते. माझ्या पत्त्यांच्या यादीत कोण कोण? धाकटीच्या लग्नाच्या वेळी ह्यांनी ऑफिसातून यादी केली होती, तीच इथे आणली. दोन्हीकडचे नातेवाईक. त्यात तोही आहे. त्याचं नाव काढायचं मला सुचलंच नाही. घर बदललं, गाव बदललं, सगळ्या गोष्टी झाडून पुसून आणल्या आणि तो माणूस सामानाबरोबर आणला.

हे म्हणाले, त्याने बघितलंच असेल असं नाही.

२० तारीख, गुरुवार

बघितलं आहे.

दुपारी घरचा फोन वाजला. तार मीच फोनला लावून ठेवली होती, धाकटीचा आला तर म्हणून. तो होता. ताई, म्हणाला, किती दिवसांनी आठवण काढलीत. पत्ता पाठवलात, फार उपकार झाले. वर सांगतो, मी तुमच्या मेलला उत्तर दिलं तर एका गोड बोलणाऱ्या माणसाने माझ्याशी संपर्क केला, तुमच्या पेटीची किल्लीच विकत देतो म्हणाला. स्वस्तात मिळाली, ताई. तुम्हाला आवडलं असतं.

हसत होता.

वसतिगृहात बाप्यांना आत सोडत नाहीत, दारावर बाई असते. त्याला तिला बाहेर काढावं लागेल. मी स्वतःशी हेच म्हणत बसले आहे. आत आहे तोवर सुरक्षित आहे. आत आहे तोवर.

२० तारीख, संध्याकाळ

वसतिगृहाचा फोन नंबर माझ्याकडे नाही. संगणक लावला, नाव टाकून शोधलं, पहिल्याच ओळीत नंबर आला. पळत घड्याळजीकडे जाऊन लावला. लगेच उचलला. मी भडाभडा सांगितलं: तिचं नाव, खोली, नवरा येणार आहे, तिला बाहेर जाऊ देऊ नका. पलीकडून म्हणाले, हो हो मावशी, निरोप देतो, काळजी करू नका.

फोन ठेवला. जीव भांड्यात पडला. घड्याळजीच्या बायकोने पाणी दिलं.

निम्मं पाणी पिऊन झालं तेव्हा कळलं. तो पुरुषाचा आवाज होता. बायकांच्या वसतिगृहात.

मावशी म्हणाला.

दुरुस्तीवाला सांगून गेला होता: उत्तर तो देईल तेच. मला माहीत होतं. घाईत मी न पुसलेल्या यंत्रावरून पुन्हा त्यालाच विचारलं.

२१ तारीख, शुक्रवार

टेलिफोन चौकशीवरून खरा नंबर मिळवला. गुंतलेला. सकाळी गुंतलेला, दुपारी गुंतलेला. चौकशीवाली म्हणाली, बाई, लाइन चालू आहे, कुणीतरी सारखं तारेवर आहे.

कोण ते मला माहीत आहे. माझ्या नावाने मेल तिथेही गेलं. ताईचं म्हणून धाकटीने ऑफिसात उघडलं असणार. आता तेच त्यांच्या यंत्रात बसलंय आणि फोन धरून आहे.

पोलिसांत गेले. फौजदार सभ्य होता. म्हणाला, त्याने अजून काही केलेलं नाही ना? आणि पत्ता तर तुमच्याच नावाने गेलाय.

तार पाठवायला गेले. इथल्या पोस्टातली तारेची खिडकी बंद होऊन वर्ष झालं.

२२ तारीख, शनिवार

दुरुस्तीवाल्याच्या दुकानात, त्याच्या स्वच्छ यंत्रावर माझी पेटी उघडली. धाकटीचं पत्र होतं. कालचं. आठवतंय तसं लिहिते—

“ताई, तुझं वाचलं. त्याला पत्ता कळलाय तर इथे थांबण्यात अर्थ नाही, बरोबर आहे तुझं. मंगळवारी सकाळी तू लिहिलेल्या जागी येते. बाईंना सांगत नाही, तू म्हणतेस तसं. आणि दुसऱ्या कुठल्या पत्त्यावरून तुझ्या नावाने काही आलं तर उघडणार नाही. तू येतेयस ना, मग मला भीती नाही.”

मी लिहिलेल्या जागी. मी काही लिहिलेलं नाही. मी लिहिलेलं म्हणून जे आहे ते शोधलं, पाठवलेल्या पत्रांत नव्हतं. पुसलेलं. कुठली जागा? कुठली?

येऊ नकोस एवढंच लिहायला घेतलं. ‘येऊ न’ इथपर्यंत. पान पांढरं झालं. पासवर्ड चुकीचा. पुन्हा. चुकीचा. पलीकडे कुणीतरी त्याच क्षणी आतून कडी घालत होतं.

दुरुस्तीवाल्याने नवीन पत्ता काढून दिला. त्यावरून पाठवलं. ती उघडणार नाही. मीच तिला बजावलं आहे.

२२, दुपार

हे निघाले आहेत, पण बोगद्यापासून तिथपर्यंत तीन दिवस. मी गेले तर— आजची गाडी सकाळीच गेली, रविवारी गाडी नाही, सोमवारी निघून बुधवारी. मंगळवार गेलेला असेल.

नंबर लावतेय. गुंतलेला.

सासूबाई म्हणाल्या, अगं, आपल्या काळी बरं होतं, माणसाचं अक्षर ओळखू यायचं. मग म्हणाल्या, वेगाचं टपाल असतं ना, स्पीड पोस्ट? आज टाकलं तर सोमवारी पोचतं. लिही. हाताने लिही. रडत बसू नकोस.

आजवर त्यांनी मला सांगितलेल्यातलं हे पहिलं काम मी उलट न बोलता—

पोस्टाची खिडकी बंद व्हायला थोडाच वेळ आहे. घड्याळजीची बायको चपला घालून दारात उभी आहे. आधी इथे कच्चं, मग चांगल्या कागदावर—

मा. अधीक्षिकाबाईंना, सा. न. वि. वि.

मी तुमच्या वसतिगृहातल्या, डाव्या हाताची दोन बोटं न मिटणाऱ्या मुलीची मोठी बहीण. पत्र टेबलावर ठेवू नये, तिच्या हातात द्यावं. माझ्या नावाने तिला बोलावणं आलं आहे. ते माझं नाही. मी तिला कुठेही बोलावलेलं नाही. मंगळवारी तिला उंबरठ्याबाहेर पाऊल टाकू देऊ नका, रागावली तरी, रडली तरी. दाराला कुलूप लावा. पडद्यावर माझ्या नावाने काहीही आलं, अगदी हे पत्र खोटं आहे असं आलं तरी—

फोन वाजतोय. उचलत नाही. सासूबाई म्हणतात, धाकटी असली तर? धाकटीकडे हा नंबर— तो पण असेल. मावशी म्हणणारा पण—

—तरी मानू नका. तुमचा फोन लागत नाही, मेल माझं राहिलं नाही. म्हणून हात जोडून एवढंच मागते. ती खोलीत आहे का? असेल तर तिच्याच हाताने, शाईने, तिच्या त्या वाकड्या अक्षरात ‘ताई, मी इथेच आहे’ एवढं लिहून घ्या आणि उलट टपाली कळ—